शेण, पाऊस आणि विजेचं बिल: बेळगाव भागात पर्यावरणपूरक घर कुठून सुरू करावं

"हे सगळं पैसेवाल्यांचं काम, आम्हाला परवडत नाही आणि वेळही नाही." पर्यावरणपूरक राहणीचा विषय निघाला की खानापूरपासून अथणीपर्यंत हेच ऐकू येतं. यात तथ्य आहे. गोठ्यात दोनच जनावरं असताना गोबर गॅस बांधला, तर तो वर्षभरात बंद पडतो आणि खर्च वाया जातो. म्हणून आधी आपल्या घरी शेण किती, छप्पर केवढं आणि महिन्याला युनिट किती जळतात, हे मोजून घ्या. दुसरा आक्षेप असतो, "एका घरानं काय फरक पडणार?" चुलीचा धूर जगाच्या आधी आपल्याच स्वयंपाकघरात कोंडतो. फरक तिथूनच सुरू होतो.

गोबर गॅस

1 घनमीटर गॅसला रोज साधारण 25 किलो ताजं शेण लागतं. पाच-सहा माणसांच्या घराला 2 घनमीटरचा प्लांट धरतात, म्हणजे रोज 50 किलो शेण. गोठ्यात बांधलेलं मोठं जनावर 10 ते 12 किलो देतं, तेव्हा चार-पाच जनावरं हवीत. चरायला सोडलेल्या जनावराचं अर्धंअधिक शेण रानातच पडतं, ते हिशेबात धरू नका.

शेण आणि पाणी समप्रमाणात कालवायचं. शेण टाकीत 40 दिवस राहतं असं धरलं, तर पहिल्या भरणीला सुमारे 2 टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. महिना आधीपासून शेण साठवा, शेजाऱ्यांकडूनही मागा. भरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, उन्हामुळे आंबण्याची क्रिया लवकर सुरू होते. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो मोकळ्या हवेत सोडून द्या. दोन-तीन आठवड्यांत निळी ज्योत दिसू लागते.

बिघडतं ते ठरावीक कारणांनी. ज्योत फडफडते तेव्हा पाईपमध्ये पाणी साचलेलं असतं. पाईपला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा. गोठा फिनेलनं धुतला आणि ते पाणी टाकीत गेलं, तर जिवाणू मरतात आणि गॅस थांबतो. शेणाबरोबर माती, वाळू गेली की तळाशी गाळ बसतो. पाणी कमी पडलं की वर साय धरते. डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी होतो, तो बिघाड नव्हे, थंडीचा परिणाम आहे. तेवढ्यापुरता सिलिंडर घरात असू द्या.

गोबर गॅसविरुद्धचा सगळ्यात खरा मुद्दा मात्र कोणी बोलून दाखवत नाही. रोज 50 किलो शेण कालवायचं कोणी? बहुतेक घरांत ते काम सुनेवर किंवा सासूबाईंवर येतं. गोठ्याचा उतार थेट कालवणीच्या हौदाकडे असेल आणि हौदाला फिरवायचा दांडा बसवला असेल, तर काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. ही सोय करायची तयारी नसेल, तर प्लांट बांधूच नका. बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेलं पातळ शेण, उसाला, भाजीपाल्याला उत्तम खत आहे. हा फायदा पुष्कळदा गॅसपेक्षाही मोठा ठरतो.

जनावरं नसतील तर ओल्या कचऱ्याचं खत करा. खानापूरच्या पावसात खड्डा पाण्यानं भरतो आणि कुजण्याऐवजी घाण वास सुटतो, म्हणून जमिनीवर ढीग घाला आणि वर पत्रा टाका. एक पाटी ओला कचरा, दोन पाट्या सुका पाला.

छपरावरचं पाणी

"आमच्याकडे पाऊसच कुठे?" असं अथणी, रायबागकडचे लोक म्हणतात. हिशेब करून बघा. 1000 चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 37 हजार लिटर पाणी हाती येतं. कमी पडते ती टाकी. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला रोज 50 लिटर धरले, तर 5000 लिटरची टाकी 100 दिवस पुरते. ती परतीच्या पावसात भरून झाकून ठेवा आणि उन्हाळ्यात काढा.

पन्हळीतून 4 इंची पाईप खाली आणा. छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा पहिल्या सरीबरोबर येते, ते पहिलं पाणी 200 लिटरच्या ड्रममध्ये अडवा. ड्रमच्या तळाशी छोटा नळ किंचित ठिबकत ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी तो आपोआप रिकामा होतो. तो भरला की पाणी गाळणीकडे वळेल अशी जोडणी करा. गाळणीसाठी दुसरा ड्रम घ्या. तळाशी 20 सेंटिमीटर मोठी खडी, त्यावर 15 सेंटिमीटर बारीक खडी, वर 25 सेंटिमीटर जाड वाळू, प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. वाळू आधी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, नाहीतर पहिल्याच पावसात गाळणी तुंबते. जोराच्या सरीत गाळणी पुरत नाही, म्हणून वरच्या अंगाला ओव्हरफ्लो पाईप ठेवून ते पाणी शोषखड्ड्यात सोडा.

हे पाणी उकळूनच प्यावं. सिमेंट पत्र्यावरचं पाणी पिण्याला घेऊ नका, धुण्याभांड्याला वापरा. न गाळलेलं पाणी बोअरमध्ये सोडू नका. गाळानं बोअर बुजते आणि घाण थेट खालच्या पाण्यात जाते.

सोलरचा हिशेब

कर्नाटकातल्या घरांना मोफत विजेची गृहज्योती योजना आहे, त्यामुळे शेजारच्या कोल्हापूरचा हिशेब इथे चालत नाही. 2022-23 च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून प्रत्येक घराची मोफत मर्यादा ठरते. ती 200 युनिटच्या पुढे जात नाही, आणि महिन्याचा वापर 200 च्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. बिल शून्य येत असेल, तर छपरावरच्या पॅनेलचा खिशाला फायदा नाही. मात्र पंप, फ्रिज, गिझर धरून 230-250 युनिट जळत असतील, तर आधी गिझर बंद करा. न्हाणीघरातल्या जुन्या बंबाकडेही वळू नका, त्यात लाकूड जळतं. त्याऐवजी सोलर हीटर बसवा. मात्र जड पाण्याच्या बोअरला नळ्यांत क्षार साचतात आणि पाणी तापेनासं होतं. तिथे वर्षातून एकदा नळ्या साफ करून घ्या.

वापर कमी करणं जमतच नसेल, तेव्हा पॅनेलचा विचार करावा. 1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30 हजार रुपये अनुदान आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः घाटाकडच्या गावांत, उत्पादन बरंच घटतं. विक्रेता बारा महिन्यांचा सारखाच आकडा सांगत असेल, तर त्याच्याकडून महिनावार तक्ता मागून घ्या आणि मगच पैसे द्या.