खाऱ्या पाण्यातील ईलला खाऊ घालताना या चुका टाळा

"ईलने सहा दिवसांपासून काहीच खाल्लेले नाही, आता काय करू?" परभणी, लातूर, नांदेड अशा ठिकाणांहून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, उत्तर देण्याआधी मी एकच गोष्ट विचारून घेतो: या सहा दिवसांत टँकमध्ये काय काय टाकले? ती यादी ऐकताना बहुतेक वेळा लक्षात येते की ईलला उपवासाने काहीही झालेले नाही, तिच्या मालकाच्या घाईने मात्र पाणी नासत चालले आहे.

आपल्याकडे घरगुती टँकमध्ये येणारी ईल बहुधा स्नोफ्लेक मोरे या समुद्री जातीची असते. गोदावरीत आणि जायकवाडीच्या जलाशयात मिळणारी वाम दिसायला तिच्यासारखी लांबट असली, तरी ती खऱ्या ईलच्या गणातलीच नव्हे, त्यामुळे वामीला चालणारी गांडुळे मोरेला देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. स्नोफ्लेकचे दात बोथट असतात, कारण समुद्रात ती मुख्यतः खेकडे आणि झिंगे फोडून खाते. तिची नजर अधू असते आणि भक्ष्य ती वासाने शोधते. ही एवढी माहिती नीट ध्यानात ठेवली, तरी पुढच्या निम्म्या चुका घडणार नाहीत.

पहिली चूक पाहण्यातच होते. मोरे सतत तोंडाची उघडझाप करते, कारण कल्ल्यांवरून पाणी खेळवून श्वास घेण्याची तिची ती पद्धत आहे. नवशिक्याला मात्र ती भूक वाटते, आणि प्रत्येक उघड्या तोंडासाठी एक झिंगा टँकमध्ये पडतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात जालन्याच्या एका तरुणाने मुंबईहून हातभर लांबीची स्नोफ्लेक आणली. रात्रभर रेल्वेच्या प्रवासात पिशवीत हिंदकळत आलेल्या त्या जिवाला त्याने आल्या दिवशीच खाऊ घालायला सुरुवात केली. तिने झिंग्याकडे पाहिले नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी दोन जिवंत गोल्डफिश सोडले; गोड्या पाण्यातले ते मासे खाऱ्या पाण्यात थोड्याच वेळात मेले आणि त्यांपैकी एक खडकांच्या फटीत अडकून राहिला. नंतर "रात्री कोणी नसताना खाईल" या समजुतीने तो रोज झोपण्याआधी तीन-चार झिंगे ईलला लपायला ठेवलेल्या पाइपाच्या तोंडाशी ठेवू लागला आणि सकाळी ते दिसले नाहीत की खाल्ले असे धरून चालला. प्रत्यक्षात पाण्याच्या प्रवाहाने ते खडकांमागे जाऊन साचत होते. नवव्या रात्री वीज गेली ती पाच तासांनी आली. सकाळी त्याचा फोन आला तेव्हा पाणी दुधासारखे पांढरे झाले होते आणि ईल डोके पृष्ठभागाशी आणून धापा टाकत होती.

मी संभाजीनगरहून मुरलेल्या खाऱ्या पाण्याचे कॅन गाडीत टाकून निघालो. सगळे खडक बाहेर काढले तेव्हा मागे कुजलेल्या झिंग्यांचा लगदा सापडला, आणि त्याचा वास आजही माझ्या लक्षात आहे. टँकमधील दोन्ही क्लाउनफिश तोवर मेले होते. कुजणाऱ्या मांसातून अमोनिया सुटतो हे अनेकांना ठाऊक असते, परंतु समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.३ असल्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा येथे अधिक विषारी रूपात राहतो आणि पाणी जितके गरम तितके हे प्रमाण वाढते, ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. त्यातच गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पंप बंद पडल्यावर उरलेला प्राणवायूही कुजवणारे जीवाणू संपवतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून आम्ही निम्म्याहून अधिक पाणी बदलले आणि ईल वाचली. तिने पहिला घास घेतला तो तेविसाव्या दिवशी: अंगठ्याच्या नखाएवढा खेकड्याचा तुकडा.

नव्याने आणलेली निरोगी मोरे दोन-तीन आठवडे न खाता सहज राहते. माझी सवय अशी आहे की पहिले पाच दिवस मी खाद्य दाखवतही नाही. तिच्या संपूर्ण शरीराला पुरेल असा पीव्हीसी पाइप ठेवतो, दिवा मंद करतो आणि रोज क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, व अमोनिया मोजतो. सहाव्या दिवशी दिवेलागणीनंतर लांब चिमट्यात एक तुकडा धरून पाइपाच्या तोंडाशी हळूहळू हलवतो. पाच मिनिटांत घेतला तर ठीक, नाहीतर तुकडा बाहेर काढून दोन दिवस थांबतो. चिमट्यात धरलेला तुकडा परत काढता येतो, सोडून दिलेला काढता येत नाही, म्हणून मी खाद्य कधीही सोडून देत नाही. डोक्यामागचा भाग आत गेलेला आणि पाठीची कड वर आलेली दिसू लागली, तरच काळजी करावी. खाऊ लागल्यावर लहान ईलला आठवड्यातून दोन-तीनदा आणि मोठीला एक-दोनदा पुरते. रोज खाऊ घालणे हे प्रेम वाटते हे मला समजते, परंतु ते प्रेम तिच्या यकृतावर चढते.

दुसरी चूक आपल्या भागाची खास आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र लागलेला नाही, त्यामुळे बाजारात ताजा मासा म्हणजे रोहू आणि कटला, आणि हाताशी असलेले तेच ईलला मिळते. हे कार्प कुळातले मासे आहेत. गोल्डफिश आणि सायप्रिनससह या कुळातल्या अनेक माशांच्या मांसात थायमिनेज नावाचे विकर असते, जे बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते. अशा खाद्यावर महिनोन्‌महिने ठेवलेल्या माशाची आधी भूक मंदावते, मग तोल जाऊ लागतो आणि शेवटी झटके येतात. गोठवल्याने हे विकर मरत नाही, त्यामुळे "फ्रीजरमध्ये ठेवलेले चालते" हा सल्ला चुकीचा आहे. मी बर्फातून येणारा समुद्राचा झिंगा, खेकडा आणि माकूळ महिन्यातून एकदा घेतो, स्वच्छ धुतो आणि एका वेळेपुरत्या पुड्या करून तारीख घालून गोठवतो. आलटून पालटून देतो, कारण नुसत्या झिंग्यावरही ईल ठेवू नये. वितळताना सुटलेले पाणी टँकमध्ये ओतू नये.

घरात भाजीसाठी हळद-मीठ लावून ठेवलेले झिंगे देऊ नयेत. कोंबडीचे तुकडेही देऊ नयेत. टँकमध्ये शोभेची कोळंबी सोडली तर ती खाद्यच समजावी.

हाताने खाऊ घालण्याबद्दल मी कठोर आहे. अधू नजरेच्या आणि वासावर चालणाऱ्या माशाला झिंगा कोठे संपतो आणि बोट कोठे सुरू होते हे कळत नाही. मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो आणि तो पुढे येऊन भक्ष्य आत ओढतो, हे रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. पाहुण्यांसमोर बोटांत झिंगा धरून दाखवणाऱ्यांना मी माझ्या टँकजवळ उभे करत नाही.

मे महिन्यात ईलने एकाएकी खाणे सोडले तर खाद्य बदलण्याआधी क्षारता मोजावी. उन्हाने पाणी उडते आणि मीठ मागे उरते. भर घालताना आरओचे गोडे पाणीच घालावे, बोअरचे नव्हे. पाण्याचे तापमान २७ अंशांच्या वर गेले असेल त्या दिवशी मी खाद्य टाळतो, आणि भारनियमनाची वेळ माहीत असेल तर वीज परत येऊन दोन तास होईपर्यंत थांबतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे.

खाऊ घालून झाल्यावर झाकण लावायचे राहून जाते, ही शेवटची चूक. स्नोफ्लेक पाण्याबाहेरही भक्ष्य गिळू शकते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. किनाऱ्यावरचा खेकडा पकडायला ती बाहेर येते, तशीच झिंग्याच्या वासाने टँकच्या कडेवरूनही येते. म्हणून मी चिमटा धुण्याआधी झाकण लावतो, त्यावर वजन ठेवतो आणि नळीसाठी सोडलेली फटही स्पंजाने बुजवली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहतो.