गाड्यांची आवड आहे म्हणून गाड्यांचंच काम? या चुका टाळा

'मला गाड्या आवडतात' एवढ्यावर करिअर ठरवणारे पुष्कळ. पण आवड नेमकी कशाची? भरधाव चालवण्याची, नव्या मॉडेलची माहिती तोंडपाठ ठेवण्याची, स्वतःची गाडी सजवण्याची, की बिघाड शोधण्याची? पहिल्या तिन्हींना गॅरेजमध्ये फारसं काम नाही. तिथे येतात त्या दुसऱ्यांच्या साध्यासुध्या, चिखलाने माखलेल्या गाड्या, गंजून बसलेले बोल्ट आणि 'संध्याकाळपर्यंत मिळेल ना?' हा प्रश्न. आवड ही गाडी चालवण्याची असेल तर ती छंद म्हणूनच जास्त टिकते, असं माझं स्पष्ट मत आहे.

'अभ्यास जमत नाही, म्हणून गॅरेज'

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पार्ट बदलणं हाताला लवकर बसतं. कोणता बदलायचा हे ठरवण्यात खरा कस लागतो. एक उदाहरण घ्या. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने पी०१७१ कोड दाखवला. म्हणजे इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं हा कोड सांगत नाही, तरी घाईत तोच बदलला जातो आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. दोष चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपचा असू शकतो, हवा मोजणाऱ्या मळलेल्या सेन्सरचा किंवा दमलेल्या फ्युएल पंपाचाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी त्याचं वाचन चुकतं. एकेक शक्यता तपासून बाद करत जाण्यात तुम्हाला मजा वाटते का? वायरिंगचा नकाशा बघून झोप येते की उत्सुकता वाटते? निर्णय याच उत्तरावर घ्यावा.

आधी हत्यारं, मग काम

कर्ज काढून भलीमोठी टूलकिट घेऊ नका. पाने, सॉकेट, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक बरा मल्टिमीटर एवढ्यावर बरंच शिकता येतं. उरलेलं गरज पडेल तसं.

शरीराचा हिशेब न करणं

दिवसभर वाकून किंवा हात डोक्यावर धरून काम केलं की पाठ आणि खांदे बोलू लागतात. ग्राइंडर आणि इम्पॅक्ट गनच्या आवाजाने कान हळूहळू जातात. वापरलेलं इंजिन ऑइल वर्षानुवर्षं त्वचेला लागणं घातकच. शिकायला जागा शोधताना एक गोष्ट आवर्जून पाहा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, स्टँड न लावता कुणी शिरतं का? शिरत असेल तर तिथे शिकू नका, मिस्त्री कितीही नावाजलेला असो.

'इलेक्ट्रिक आल्या, आता हा धंदा संपला'

इंजिन ऑइल आणि स्पार्क प्लग गेले. टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंग, एसी आणि बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची छोटी बॅटरी राहिलीच. ब्रेकही राहिले. उलट मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने ते कमी वापरले जातात आणि गंजून अडकायची तक्रार येते. मात्र मुख्य बॅटरी साधारण ४०० व्होल्टची, काही गाड्यांत ८०० ची. हा जास्त व्होल्टेज वाहणाऱ्या केशरी केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही. वीज समजून घ्यायची तयारी नसेल तर पुढची वाट अरुंद आहे, हे खरं.

फक्त मेकॅनिकचाच विचार

ऑटो इलेक्ट्रिशियन, स्पेअर पार्ट्स, अपघातग्रस्त गाड्यांचा सर्व्हे (विम्यासाठी नुकसानीची पाहणी), सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर (ग्राहकाची तक्रार ऐकून ती मिस्त्रीपर्यंत पोचवणारा) हीही गाड्यांचीच कामं. लोकांशी बोलायला आवडत असेल तर शेवटचं जमेल, पण चिडलेला ग्राहक रोज समोर असेल. पेंटिंगला रंगांची बारीक नजर लागते आणि चांगला मास्कही. टू-पॅक रंगांतल्या (हार्डनर मिसळून मारायच्या रंगांतल्या) आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो. डिझाइनकडे जायचं तर गणित आणि भौतिकशास्त्र चुकवता येत नाही.

आत शिरलात, पण मन रमत नाही?

आधी कारण शोधा. कंटाळा कामाचा आहे की जागेचा? महिनोन्‌महिने फक्त गाड्या धुणं आणि तेल बदलणं एवढंच वाट्याला येत असेल, कुणी बिघाड समजावून सांगत नसेल, तर आधी गॅरेज बदलून बघा. पण बिघाड सापडल्यावरही काहीच वाटत नसेल, पुढची गाडी आत येताना नको वाटत असेल, तर पार्ट्सचा काउंटर किंवा सर्व्हे यांसारखं शेजारचं काम काही आठवडे करून पाहा. आत्ताची नोकरी मात्र त्याआधी सोडू नका. सुट्टीच्या दिवशी कुणाबरोबर तरी जाऊनही ते काम बघता येतं.