दगडाची टोपी बघा, मग फाट्यावर वळा

पोळ्याला मावशीकडे निघालो होतो. पाटीवर 'पिंपळगाव' दिसलं आणि बिनधास्त वळलो. सात किलोमीटर आत गेल्यावर पानटपरीवाल्यानं सांगितलं, "भाऊ, हे ते पिंपळगाव नव्हे." आपल्या विदर्भात पिंपळगाव, वडगाव, बोरगाव पावलोपावली. तेव्हापासून गावाच्या नावाआधी मी रस्त्याचा नंबर वाचतो.

सुरुवात किलोमीटरच्या दगडापासून करा. त्याच्या टोपीचा, म्हणजे माथ्याचा रंग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर गावरस्ता. जिल्हा मार्गाची टोपी काळी, निळी किंवा पांढरी असते. रंग उडाला असेल तर अक्षरं शोधा: 'प्र.जि.मा.' म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, 'ग्रा.मा.' म्हणजे ग्रामीण मार्ग.

आता नंबर. म्हातारे ड्रायव्हर अजून 'सात नंबर', 'सहा नंबर' म्हणतात, पण 2010 मध्ये महामार्गांचे नंबर बदलले. नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा हा रस्ता आता 44, आणि अकोला-अमरावती-नागपूर-भंडारा हा 53. युक्ती सोपी आहे: सम नंबर उत्तर-दक्षिण, विषम नंबर पूर्व-पश्चिम. तीन आकडी नंबर म्हणजे फांदी, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. यवतमाळ-वर्धा-बुटीबोरी हा 361 आहे, म्हणजे 61 ची फांदी.

मोठ्या पाट्यांत हिरवी दिशा दाखवते, निळी पेट्रोल पंप, दवाखाना, जेवणाची सोय सांगते, तपकिरी पर्यटनस्थळ. फाट्याची पाटी बहुधा दोनदा येते, आधी इशारा म्हणून, मग वळणावर. पहिली दिसताच लेन धरा. नागपूरहून येताना जाम या गावाला हैदराबादचा रस्ता सरळ जातो, चंद्रपूरचा डावीकडे फुटतो. तिथं ऐनवेळी स्टिअरिंग फिरवणारे मी खूप पाहिलेत, आणि मागून येणारे कापसाचे ट्रॅक्टर काही लगेच थांबत नाहीत.

किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर 200 मीटरला एक लहान दगड असतो, त्यावर 2, 4, 6, 8 असे आकडे. गाडी बंद पडली तर हाच पत्ता कामी येतो. महामार्गाच्या 1033 या हेल्पलाइनवर "हिंगणघाटच्या पुढे कुठंतरी" असं न सांगता महामार्गाचा नंबर, दगडावरचा किलोमीटर आणि गाडीचं तोंड कोणत्या गावाकडे आहे ते सांगा.