निवृत्तीच्या तोंडावर काम बदलताय, पसारा आवरताय? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, ओझरच्या विमान कारखान्यात, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये किंवा एखाद्या बँकेत पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात पन्नाशी उलटली की एक विचार घर करतो: आता पुरे. शिफ्ट पुरे, टार्गेट पुरे, गरजेपेक्षा मोठं घर आणि त्याचे हप्ते पुरे. उरलेली वर्षं मनाजोगत्या, हलक्या कामात घालवावीत. ही इच्छा रास्त आहे, ती दाबून टाकू नये. ती फसते ती क्रम चुकल्यामुळे. आधी राजीनामा दिला जातो, मग काम शोधलं जातं, आणि खर्च कमी करण्याचा विचार पैसे कमी पडू लागल्यावर होतो. माझ्या मते हे नेमकं उलटं हवं. आधी खर्च खाली आणा, मग नव्या कामाची चाचणी घ्या, राजीनामा सगळ्यात शेवटी. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

पगार चालू असताना कमी पैशांत राहून न बघणं

समजा आज हातात ऐंशी हजार येतात आणि नव्या कामातून पंचेचाळीस हजार मिळतील असा अंदाज आहे. मग पगार झाला त्याच दिवशी पस्तीस हजार वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात महिना काढा. हे निदान सहा महिने करा, आणि त्यात दिवाळी किंवा शाळा-कॉलेज सुरू होण्याचा जून येऊ द्या. कागदावर बसलेला हिशेब घरपट्टीला, गाडीच्या विम्याला, सोसायटीच्या मेंटेनन्सला, लग्नसराईतल्या आहेराला आणि गावाकडच्या आईवडिलांच्या औषधांना कोलमडतो. वर्षातून एकदाच येणारे हे खर्च महिन्याच्या हिशेबात धरलेलेच नसतात. वर्षाची बेरीज करून बाराने भागा, म्हणजे खरा आकडा समोर येतो.

हा प्रयोग नवरा-बायको दोघांनी मिळून करायचा. एकाने मनात ठरवायचं आणि दुसऱ्याने घरखर्चात काटकसर करायची, हे चार महिन्यांतच भांडणावर येतं. मुलांनाही आकडे कळू द्या. वडील नोकरी सोडणार आहेत हे मुलाच्या शिक्षणकर्जाशी किंवा मुलीच्या लग्नाशी थेट जोडलेलं असतं.

माळा रिकामा केला की आयुष्य सोपं झालं असं समजणं

जुनी भांडी, न वापरलेल्या गाद्या, कपाटभर कपडे देऊन टाकल्यावर घर मोकळं वाटतं हे खरं. पण महिन्याचा भार त्यामुळे फारसा कमी होत नाही, कारण तो बांधिलक्यांचा असतो. पाथर्डी फाट्याला किंवा आडगावच्या बाजूला गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट असतो, ज्याच्या भाड्यातून हप्ताही सुटत नाही. दुसरी गाडी असते. पाच बँकांत पाच खाती असतात. आणि एक गोष्ट लोक विसरूनच जातात: कुणाच्या तरी कर्जाला दिलेलं जामीनपत्र. मेव्हण्याने किंवा जुन्या सहकाऱ्याने पतसंस्थेतून कर्ज काढताना तुम्ही सही केली असेल, तर कर्जदार थकला की वसुली तुमच्यावर येऊ शकते. नोकरी सोडण्याआधी अशा सगळ्या सह्या आठवून लिहून काढा, कर्ज किती उरलंय ते विचारा आणि जामीनदार बदलता येतो का ते पाहा. कर्ज देणाऱ्या संस्थेची संमती लागते, त्यामुळे नुसत्या तोंडी शब्दावर थांबू नका.

मोठं घर विकून लहान घरात जाणं हा पसारा आवरण्याचा सगळ्यात परिणामकारक मार्ग आहे. त्यात होणारी मुख्य चूक म्हणजे शहराबाहेर, स्वस्तात आणि निसर्गाच्या जवळ जाण्याचा मोह. साठीत गिरणारे रस्त्यावरचा बंगला सुंदर वाटतो. पंचाहत्तरीत रात्री दवाखाना गाठायचा असेल तर लिफ्ट असलेला, रिक्षा मिळणारा, औषधाचं दुकान चालत जाण्याइतकं जवळ असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट जास्त सोयीचा पडतो. तिकडे ओढ असेल तर आधी वर्षभर भाड्याने राहून पाहा, एक पावसाळा तिथे काढा.

आवराआवरीत कागद रद्दीत जाणं

वस्तू टाका, पण नेमणूक पत्र, पगारपत्रकं, पीएफचे जुने क्रमांक, फॉर्म १६, घराचं मूळ खरेदीखत, सिडकोचं घर असेल तर वाटपाची कागदपत्रं, यातलं काहीही टाकू नका. पीएफच्या नोंदीत जन्मतारीख किंवा नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर दुरुस्ती नोकरीत असतानाच करून घ्या. कंपनीचा एचआर विभाग हाताशी असताना जे काम होतं, त्यासाठी नंतर खेटे घालावे लागतात. जुनी कंपनी मधल्या काळात बंद पडली असेल तर त्रास आणखी वाढतो.

पेन्शनच्या आकड्याबद्दल अंदाजावर राहणं

खासगी नोकरीतल्या माणसाने हा भाग नीट वाचावा. ईपीएस-९५ म्हणजे पीएफबरोबर येणारी १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचं पेन्शन काढण्याचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पेन्शनपात्र पगार म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल तर १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० रुपयांची आणि त्यानंतरच्या सेवेला १५,००० रुपयांची मर्यादा लागते. वीस वर्षं किंवा त्याहून अधिक सेवेला दोन वर्षं वाढवून मिळतात. तरीही तीस वर्षं घाम गाळलेल्या माणसाचं पेन्शन महिना साडेचार-पाच हजारांच्या घरातच येतं. ही रक्कम ऐकून धक्का बसतो, आणि तो राजीनाम्यानंतर बसण्यापेक्षा आधी बसलेला बरा.

हे पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होतं. पन्नाशीनंतर लवकर घेता येतं, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या दर वर्षामागे ४ टक्के कपात होते, आणि ती कायमची. उलट ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. नव्या कामातून थोडंफार येणार असेल तर पंचावन्नाव्या वर्षी घाईने पेन्शनचा अर्ज करू नका. दहा वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली असेल तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी झालेल्या सेवेचा दाखला, घेऊन ठेवा. नवी नोकरी पीएफ लागू असलेल्या ठिकाणी असेल तर पैसे काढण्याऐवजी खातं तिकडे वर्ग करा.

सगळी पुंजी एका जागी लावणं

निवृत्तीचे पैसे येणार हे कळलं की सल्ले देणारे दारात येतात. नाशिकमध्ये हे सल्ले ठरावीक असतात.

पहिला असतो शेतीचा. दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबाग पाहून कुणालाही भुरळ पडते. पण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही कायद्याने शेतकरी असावं लागतं. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव आहे का ते आधी बघा. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून दोन-चार गुंठे नोटरी करून विकले जात असतील तर दूर राहा. नोटरीने मालकी येत नाही, आणि तुकडेबंदी कायद्यामुळे अशा तुकड्यांची नोंद अडकू शकते. एनए (बिगरशेती) आदेश, सातबारा, फेरफार आणि नोंदणीकृत खरेदीखत, हे चारही वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

जमीन हाताशी असली तरी द्राक्ष हे निवृत्त माणसाचं निवांत पीक नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यानंतर डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या, विरळणी, मजुरांची जुळवाजुळव, आणि माल तयार झाल्यावर एका रात्रीच्या अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने सगळं जाण्याची भीती. पैसा आधी ओतावा लागतो, हातात येतो काढणीनंतर, आणि व्यापारी थकवणार नाही याचीही खात्री नसते. खरंच ओढ असेल तर ओळखीच्या बागायतदाराबरोबर ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत पूर्ण हंगाम उभे राहा. रविवारी जाऊन फोटो काढण्याने काही कळत नाही.

दुसरा सल्ला सिंहस्थाचा. २०२७ चा कुंभमेळा जवळ आल्याने पंचवटीत, त्र्यंबक रस्त्यावर होमस्टे किंवा खानावळ काढायचं डोक्यात येतं. होमस्टे वाईट नाही, पण कर्जाचा हिशेब कुंभाच्या गर्दीवर मांडू नका. आधीचा सिंहस्थ २०१५ ला झाला, आणि यानंतरचा पुन्हा बारा वर्षांनी. श्रावणातले सोमवार, सुट्ट्या आणि एरवीचे भाविक-पर्यटक एवढ्यावर हप्ता निघतो का ते बघा. निघत असेल तर करा.

तिसरा सल्ला जास्त व्याजाचा. पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांचं संरक्षण नसतं. ते बँकांना असतं, त्यात सहकारी बँकाही आल्या. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची पुंजी तिथे ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात आणि बँकांत मिळते, मर्यादा ३० लाखांची. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण तुम्ही खातं उघडलेल्या दिवशीचा दर पाच वर्षं टिकतो. साठीच्या आत, पण पंचावन्ननंतर निवृत्ती घेतली असेल तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या रकमेपर्यंतच खातं उघडता येतं. ही मुदत हुकवू नका.

आणि चौथा म्हणजे मुलाचा धंदा. द्यायचे असतील तर जितके बुडाले तरी तुमचं घर चालेल तितकेच द्या, आणि बँकेतून द्या. राहतं घर बक्षीसपत्राने आत्ताच मुलाच्या नावावर करण्याची घाई कशाला? मृत्युपत्राने तेच होतं, आणि छप्पर तुमचंच राहतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय देणारं, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवरच उभं आहे.

आरोग्यविमा कंपनीबरोबरच संपू देणं

नोकरी सुटली की कंपनीची पॉलिसी सुटते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. समूह पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि आधीच्या वर्षांचा प्रतीक्षा काळही (जुन्या आजारांवर दावा मिळत नाही तो काळ) धरला जातो. यासाठी महिना-दीड महिना आधी अर्ज करा. मधुमेह, रक्तदाब लपवू नका, दावा तिथेच नाकारला जातो. ईएसआयसीतून (कामगार राज्य विमा योजनेतून) निवृत्त होणाऱ्या कामगाराला, निदान पाच वर्षांची विमित सेवा झाली असेल तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. अंबड-सातपूरच्या अनेक कामगारांपर्यंत ही माहिती पोचतच नाही, म्हणून शेजाऱ्यालाही सांगा.

नव्या कामात जुनी खुर्ची शोधणं

तीस वर्षं मेंटेनन्स किंवा क्वालिटी सांभाळलेल्या माणसाकडे जे असतं ते अंबड, सिन्नर, मुसळगावच्या लहान उद्योजकांना खरंच हवं असतं. पण पूर्णवेळ मॅनेजरचा पगार त्यांना परवडत नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारा जाणकार परवडतो. निमा किंवा आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना नोकरीत असतानाच जायला लागा, माणसं ओळखीची होतात. आयटीआय-पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर शिकवणं हाही चांगला मार्ग आहे, मात्र पैसे थोडे आणि उशिरा येतील हे धरून चला. नवीन काही शिकायचं असेल तर गंगापूर धरणाजवळचं मुक्त विद्यापीठ आहे, तिथे पन्नाशीच्या विद्यार्थ्याकडे कुणी वळून बघत नाही.

इथे दोन चुका वारंवार होतात. लहान कारखान्यात शिपाई नसतो, असिस्टंट नसतो. ईमेल, एक्सेल, कोटेशन, सगळं स्वतः करावं लागतं. ते आत्ता, हाताखाली माणसं असताना शिकून घ्या. दुसरी चूक पैशाची. ‘तुम्ही आता मोकळेच आहात ना, येऊन जा एकदा’ असं म्हणत ओळखीचे लोक सहा महिने फुकट सल्ला घेतात. पहिल्याच भेटीत दिवसाचा दर सांगा, तो एका कागदावर लिहून द्या, आणि बिल महिन्याच्या महिन्याला पाठवा. ज्ञान देण्याचा आनंद वेगळा, पण त्यावर घर चालवायचं असेल तर उधारी वाढू देऊ नका.

खाद्यपदार्थांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्यांनी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मूलभूत नोंदणी आधी करावी. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

चूक होऊन गेली असेल तर

राजीनामा देऊन झाला आहे आणि घर ओढाताणीत चाललं आहे, असं असेल तर आधी पुंजीतून होणारा उपसा मोजा. दर महिन्याला किती मोडतंय हे कळलं की कोणता हप्ता बंद करायचा ते ठरवता येतं. तोट्यातला दुसरा फ्लॅट ‘भाव वाढेल’ म्हणून धरून ठेवण्यापेक्षा विकून कर्ज फेडणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. पूर्वीच्या क्षेत्रात अर्धवेळ परत जाण्यात कमीपणा मानू नका, जुन्या मॅनेजरला सरळ फोन करा. पीएफ काढला नसेल तर तसाच राहू द्या आणि पेन्शनचा अर्ज पुढे ढकला. विमा सुटला असेल तर आजच नवीन पॉलिसीची चौकशी करा. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, आणि ती पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जाते. मुलाला किंवा नातेवाइकाला तोंडी पैसे दिले असतील तर रक्कम, तारीख आणि परतफेडीचा क्रम एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि त्याची एक प्रत जोडीदाराकडे ठेवा.