जुना आधुनिक टॉवर दुरुस्त करताना या चुका टाळा

१९५०-६० च्या दशकांतल्या आधुनिक शैलीच्या उंच निवासी इमारतींना नक्षी नसते, कमानी नसतात. बारीक कडा, उघडं काँक्रीट आणि एका रेषेत बसलेल्या खिडक्या, एवढंच त्यांचं रूप. म्हणून दुरुस्तीत सज्जाची कड दोन-तीन सेंटिमीटरने जाड झाली तरी इमारत बोजड दिसते. माझ्या मते या इमारतींचं सर्वाधिक नुकसान अशा नकळत वाढलेल्या जाडीनेच होतं.

महागात पडणारी चूक म्हणजे काँक्रीटचा तुकडा निखळला की तिथे सिमेंट थापून मोकळं होणं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच १२-१३ च्या आसपास, आणि त्यामुळेच आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरला की पीएच ९ च्या खाली उतरतो आणि सळई गंजू लागते. गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडते. वरवर लिंपलं तर काही वर्षांनी ठिगळाच्या अगदी कडेला नवी भेग येते, कारण नव्या मालातली सळई वाचते आणि शेजारची जास्तच गंजू लागते.

आधी हातोडीने ठोकून पोकळ आवाजाचे भाग आखून घ्या. ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारा. गुलाबी झालेला भाग अजून अल्कधर्मी आहे, रंग न आलेल्या भागाचा पीएच उतरलेला आहे. (सळई गंजवणारं, मिठातलं क्लोराइड यात कळत नाही, त्याची तपासणी वेगळी.) सळईच्या मागपर्यंत खोदा, गंज काढा, मगच भरा. मालाचे नमुने मात्र पूर्ण वाळल्यावर जुन्याशेजारी उन्हात ठेवून बघा. ओला रंग हमखास फसवतो.

सफाईसाठी वाळूचा मारा नकोच. फ्रान्समधल्या मार्सेच्या १९५२ च्या युनिते द'अबितासियों या निवासी इमारतीच्या काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे ठसे आहेत. असे ठसे एकदा खरवडले की परत आणता येत नाहीत. वाफ अडवणारा जाड रंगही टाळा, ओल आतच कोंडते.

खिडक्यांत घाई करू नका. जाड प्लॅस्टिक चौकटी आल्या की काच आक्रसते आणि प्रत्येक मजल्याची रेषा बिघडते. बऱ्याचदा रबर, बिजागऱ्या आणि सांधे बदलून भागतं. त्या काळच्या सांध्यांत पीसीबी हे विषारी रसायन आणि पुट्टीत घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा कापण्याआधी नमुना तपासा.

आणि सज्जाखाली ओल दिसली तर लगेच गच्ची उकरायला घेऊ नका. सज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बारीक खाच असते. ती रंगाच्या थरांनी बुजलीय का, ते आधी पाहा.