आधी घड्याळ बघा
बाबांना पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) आला, तोंड वाकडं झालं, तेव्हा आईने आधी नाकाला कांदा लावला. २० मिनिटं त्यातच गेली. तुम्ही तसं करू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा (डॉक्टर पहिलं तेच विचारतात), १०८ लावा, सीटी स्कॅन असलेलंच रुग्णालय गाठा. पाणी पाजू नका, अ‍ॅस्पिरिन तर नकोच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत घ्या. स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध (अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज) त्या लिहिलेल्या वेळेपासून ४.५ तासांच्या आत देतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर बहुधा जांघेतून नळी घालून गुठळीच ओढून काढतात. शक्यतो ६ तासांत, निवडक रुग्णांत २४ पर्यंत. ही सोय सगळीकडे नसते, दारातच विचारा.