कॅल्शियमचा ब्लॉकेज: केस टेबलावर घेण्याआधी

हृदयाच्या धमनीतलं कॅल्शियम अँजिओग्राममध्ये असतं त्याहून कमीच दिसतं, म्हणून पहिली तयारी इमेजिंगची. ओसीटी (धमनीत कॅथेटर घालून प्रकाशाने आतून काढलेली प्रतिमा) करून पाहा: कॅल्शियमने धमनीचा १८० अंशांहून जास्त घेर व्यापलाय का, जाडी ०.५ मिलिमीटरच्या आणि लांबी ५ मिलिमीटरच्या वर आहे का. तिन्ही जुळलं तर साध्या बलूनच्या भरवशावर राहू नका. ओसीटीचा कॅथेटर पलीकडे जातच नसेल तर थेट रोटा काढा, म्हणजे कॅल्शियम घासून काढणारं फिरत्या टोकाचं यंत्र.

बर, म्हणजे रोटाचं फिरणारं टोक, धमनीच्या निम्म्या व्यासाचा पुरतो. ३ मिलिमीटरच्या धमनीला १.५ चा. वेग मिनिटाला साधारण दीड लाख फेरे, एक रन २० सेकंदांच्या आत. कान मशीनच्या आवाजाकडे हवा. सूर खाली आला, फेरे ५,००० हून जास्त घटले की लगेच बर मागे घ्या. जोर लावलात तर तो पलीकडे सटकून अडकतो. उजव्या धमनीत काम असेल तर टेम्पररी पेसमेकर तयार हवा. आयव्हीएल (आघात-लहरींनी कॅल्शियम फोडणं) करणार असाल तर त्याचा बलून धमनीच्याच मापाचा घ्या.

एका गोष्टीत मी तडजोड करत नाही: नॉन-कॉम्प्लायंट बलून (जास्त दाबातही मापाबाहेर न फुगणारा) पूर्ण उघडल्याशिवाय स्टेंट नाही. अर्धवट उघडलेला स्टेंट मागाहून दुरुस्त करणं फार अवघड जातं.

आता धमनी फाटली तर? वायर हलवायची नाही, हाताशी असलेला बलून आधी तिथेच फुगवून रक्त थांबवायचं. म्हणून वापरलेला बलून लगेच टाकून देऊ नका. कव्हर्ड स्टेंट (फाटलेली जागा झाकणारा, आवरण असलेला) खोलीतच हवा, आणि तो तुमच्या गाइड कॅथेटरमधून जातो का हे केस सुरू होण्याआधीच तपासा. इको मशीन आणि पेरिकार्डियल टॅपचा (हृदयाभोवती साचलेलं रक्त सुईने काढण्याचा) सेट टेबलाजवळ असू द्या. प्रोटामीन (हेपॅरिनचा असर उतरवणारं औषध) भरून ठेवा, पण धमनीत वायर-बलून असताना देऊ नका. स्लो फ्लोसाठी (धमनीतला रक्तप्रवाह मंदावला तर) अडेनोसिन आणि नायट्रोप्रुसाइडच्या पातळ केलेल्या सिरिंज, लेबल लावून. घाईत बिनलेबलच्या सिरिंजइतकं धोक्याचं काही नाही.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून डायची मर्यादा ठरवा. सर्जनना केसची वेळ आधी कळवा. बायपासचा पर्याय आणि धमनी फाटण्याचा धोका पेशंटला व नातेवाइकांना आदल्या दिवशीच, निवांत बसून समजावून सांगा. आणि सुरू करण्याआधी नावं घेऊन ठरवा: बलून कोण धरेल, इको कोण करेल, सर्जनना फोन कोण लावेल.